कांडी वाचल्याशिवाय बीज घेऊं नका

गेल्या पावसाळ्यांत आमच्या गांवीं पांच गायी गाभडल्या. गांव मनमाडपासून दोन कोसांवर. घरें दीडशें, विहिरी पुष्कळ आणि पाणी थोडें. शहरांत बसून वर्तमानपत्र चाळणाऱ्यास पांच गायी ही मोठी बातमी वाटणार नाहीं. पण ज्या घरीं कांदा मातीमोल गेला आणि पोरांच्या वह्यांपासून तेलामिठापर्यंत सारें दुधाच्या पगारावर चालतें, त्या घरीं सातव्या महिन्यांत गाय गाभडली म्हणजे सबंध वर्ष बुडालें.

त्यांतील एक गाय आमच्या आळींतील एका विधवा बाईची. घर लोहाराचें, नवरा गेला, भट्टी विझली, तेव्हांपासून ही गायच तिची भट्टी. गाय गाभडली त्या रात्रीं वार अडकली. डॉक्टर सकाळपर्यंत येण्याचें चिन्ह नव्हतें, म्हणून बाईनें उघड्या हातांनीं ती ओढून काढली. गाय वांचली. महिन्याभरानें बाईला ताप येऊं लागला. संध्याकाळीं चढे, पहाटे घाम फुटून उतरे; गुडघे व कंबर धरली. हिंवताप समजून गोळ्या झाल्या, कोणी अंगारा दिला, कोणी नजर काढली. शेवटीं रक्त तपासलें तेव्हां कळलें कीं जो रोग गायीला तोच बाईला. त्याचें नांव ब्रुसेल्ला. गुरांच्या दवाखान्यांतील पाटीवर त्यालाच सांसर्गिक गर्भपात म्हणून लिहिलेलें असतें.

आतां हा रोग आला कोठून? गांवांत तीन उत्तरें मिळालीं. एक म्हणाला, मरीआईचा गाडा यंदा वेशीबाहेर पोंचविला नाहीं. दुसरे एक पुराण सांगणारे गृहस्थ. त्यांनीं डोळे मिटून सांगितलें कीं, परदेशी बीज घालून तुम्हीं गोमाता बाटविली, हा तिचा शाप. तिसरा इसम मोटारसायकलीवर नायट्रोजनचा डबा बांधून गांवोगांव 'इंपोर्टेड' बीज भरीत फिरतो. तो म्हणाला, चाऱ्याला बुरशी आली असेल. पांचांपैकीं चार गायींना त्याच्याच हातची कांडी भरलेली होती. आम्हीं त्याला विचारलें, वळू कोणता? म्हणे, अमेरिकेचा. त्याचा नंबर? म्हणे, गुरुजी, मोठ्या कंपनीचा माल आहे, नंबर कशाला पाहिजे? बरें, भरलेल्या कांड्या कोठें आहेत? त्या उकिरड्यावर गेल्या. उकिरडा शेतांत गेला आणि शेतांत बाजरी उगवली.

आम्ही वाचकांपुढें खोटें बोलणार नाहीं. रोग त्या कांडींतूनच आला असें आम्हांस सिद्ध करतां येत नाहीं. पांचवी गाय कोपरगांवाकडून एका दलालानें आणलेली संकरित गाय होती; कदाचित् तिनेंच तो आणला असेल. हा रोग बहुतकरून गाभडलेल्या गायीच्या वारेंतून, स्रावांतून व मेलेल्या वासरांतून पसरतो. शेजारची गाय तोच चारा खाते, तेंच चाटते आणि तिलाही लागतो. म्हणून आमचा आरोप निराळा आहे, आणि आमच्या मतें तो अधिक जड आहे. कांडी फेकली गेल्यामुळें खरेंखोटें करण्याची वाटच बुजली. दोषी कोण हें कोणालाच कधीं कळूं नये अशी ही व्यवस्था आहे, आणि ती विकणाऱ्याच्या सोयीची आहे. घेणारा आपला कपाळाला हात लावून बसतो.

शेतकरी बंधूंनो, ही कांडी म्हणजे काय तें नीट समजून घ्या. पाव मिलिलिटरची एक बारीक नळी; तींत वळूचे दोनेक कोटी शुक्रजंतू. एका वळूपासून वर्षाला अशा हजारों कांड्या होतात. वळू एका गोठ्यांत बांधलेला असतो आणि त्याचें बीज हजार गोठ्यांत जातें. चांगल्या वळूचा गुण जसा हजार घरीं पोंचतो, तसा रोगी वळूचा रोगही पोंचतो. पुष्कळांची समजूत अशी कीं, नायट्रोजनच्या थंडीनें रोगाचे जंतू मरत असतील. ही समजूत चुकीची आहे. डब्यांत शून्याखालीं १९६ अंश थंडी असते ती जीव मारण्यासाठीं नव्हे, जीव टिकविण्यासाठीं. जी थंडी बीज जिवंत ठेविते तीच त्यांतील जंतूही वर्षानुवर्षें जिवंत ठेविते. वळू मरून जातो, पण त्याचा रोग डब्यांत उरतो.

आणखी एक गोष्ट आम्हांस एका पशुवैद्यानें सांगितली ती ऐकण्यासारखी आहे. गाय वळूला दाखविली तर रेत योनिमार्गांत पडतें. ब्रुसेल्लाचा जंतू तेथें सहसा तग धरीत नाहीं. कृत्रिम रेतनांत नळी थेट गर्भाशयांत जाते. कांडींत जंतू असला तर वाटेंतील पहारेकरी चुकवून आपणच त्याला माजघरांत नेऊन बसवितों. म्हणून वळू तपासण्याची गरज कांडीमुळें कमी होत नाहीं, उलट वाढते. लाळ-खुरकुत, क्षय, आय. बी. आर., ट्रायकोमोनास, अशा कित्येक रोगांना रेताची वाट मोकळी आहे. २०२२ च्या ऑगस्टांत आमच्या शेजारच्या जळगांव जिल्ह्यांत, रावेर तालुक्यांतील चिनावल येथें लंपी दिसला आणि मग महाराष्ट्रभर गुरांचे बाजार बंद पडले, हें कोणी विसरलें नसेल. तो रोग माशा, डांस व गोचीड यांनीं पसरला, बीजानें नव्हे. परंतु लंपीचा विषाणूही वळूच्या रेतांत उतरतो हें प्रयोगांनीं दिसून आलें आहे.

हें भय आजचें नाहीं, आणि रोग नेहमीं परदेशांतून इकडेच येतो असेंही नाहीं. १९२० सालीं हिंदुस्थानांतून ब्राझीलला निघालेलीं वशिंडाचीं गुरें बेल्जममधील अँटवर्प बंदरांत उतरविलीं होतीं. त्यांच्याबरोबर बुळकांडी उतरली. बेल्जमच्या गोठ्यांत हाहाकार उडाला. पुढल्या सालीं ब्राझीललाही बुळकांडीनें गांठलें. युरोपांतील सरकारें त्या धक्क्यानें जागीं झालीं आणि १९२४ सालीं पॅरिस येथें २८ देशांनीं मिळून गुरांच्या सांथींची खबर एकमेकांस देणारी संस्था काढली. तीच आजची जागतिक पशुआरोग्य संघटना. बीज कसल्या वळूचें काढावें, त्याला कोणत्या तपासण्या कराव्यात, याचे नियम आज तीच घालून देते. म्हणजे जगाला हा धडा आपल्याच गुरांवरून मिळाला. बुळकांडी २०११ सालीं पृथ्वीवरून नाहींशी झाली. त्यामागें टोंचणी करणाऱ्या हजारों हातांचे श्रम आहेत.

ब्राझील तो धडा विसरला नाहीं. १९६० नंतर तेथल्या पशुपालकांनीं काठेवाडांतून गीर गुरें नेलीं. भावनगरच्या महाराजांकडचा कृष्णा नांवाचा वळू त्यांत प्रसिद्धच आहे. या गुरांना त्या सरकारनें एकदम किनाऱ्याला लागूं दिलें नाहीं. भर समुद्रांतील फर्नांडो दि नोरोन्या बेटावर त्यांना वेगळें ठेविलें, तपासलें, आणि मग देशांत घेतलें. आमचीं गुरें त्यांच्या दारीं गेलीं तेव्हां त्यांनीं त्यांना बेटावर बसविलें. आतां त्याच गीरचें बीज ब्राझीलहून परत आणण्याचे सौदे होऊं लागले आहेत. येऊं द्या, त्यांनीं त्या गुरांचें दूध वाढविलें, आपण बसून राहिलों. पण आमच्या दारीं तें येतें तेव्हां त्याला बेटावर कोण बसवितो, एवढें विचारण्याचा हक्क आम्हांस आहे कीं नाहीं?

सरकारी कागदावर पाहिलें तर सर्व ठीक आहे. पशुधन आयातीचा कायदा १८९८ सालचा. पण त्यांत भ्रूण, स्त्रीबीज व रेत हीं नांवें घालून त्यांच्या आयातीवर बंधन आणलें तें २००१ च्या दुरुस्तीनें. एकशें तीन वर्षें कायदा चार पायांचें जनावर तेवढें ओळखीत होता! आतां परदेशी बीजाला आयात परवाना लागतो, तिकडच्या सरकारी पशुवैद्याचा आरोग्याचा दाखला लागतो, आणि ठराविक बंदरांतूनच आंत येतां येतें. इकडच्या वळूंसाठीं केंद्र सरकारनें २००४ सालीं किमान नियम ठरविले: नवा वळू आधीं वेगळा ठेवावयाचा, क्षय, जॉन्स, ब्रुसेल्ला, आय. बी. आर., कॅम्पिलोबॅक्टर व ट्रायकोमोनास यांसाठीं त्याच्या तपासण्या करावयाच्या; आणि त्या पुन्हा पुन्हा करावयाच्या. उरुळीकांचनच्या बायफचीं व महाराष्ट्र पशुधन विकास मंडळाचीं रेतनकेंद्रें याच नियमांखालीं येतात. कांडीवर वळूचा नंबर, जात, केंद्राची खूण आणि तारीख छापलेली असते ती याचसाठीं.

मग अडलें कोठें? दाखला बंदरांत आला, प्रयोगशाळेंत गेला, जिल्ह्यापर्यंत पोंचला, आणि मोटारसायकलीवरच्या डब्यापाशीं थांबला. ज्याच्या गोठ्यांत बीज जातें त्याच्या डोळ्यांस तो कागद कधीं दिसत नाहीं. दिसलाच तर इंग्रजींत. दूध डेअरीवर नेलें तर फॅट लावावयास यंत्र आहे, एक पॉइंट कमी आला कीं पैसे कापतात. मनमाडच्या बाजारांत दाण्याचें पोतें उतरलें कीं व्यापारी आधीं परखी खुपसून मूठभर दाणे तळहातावर घेतो. शेतकरी जें विकतो त्याला परखी आहे. शेतकरी जें विकत घेतो, मग तें बियाणें असो, खत असो कीं बीज असो, त्याला परखी लावावयास गेला तर त्यालाच म्हणतात, गुरुजींनीं तुला फार शिकविलेलें दिसतें!

कांहीं सुशिक्षित मित्र म्हणतात, सर्व तपासण्या झालेलें बीज असेल तर खेडवळाला नंबर कशाला हवा? त्यांना आम्ही दोन गोष्टी सांगतों. अमेरिकेंत १९६२ सालीं चीफ नांवाचा एक होल्स्टीन वळू जन्मला. त्याच्या लेकींनीं दुधाच्या नद्या वाहविल्या. त्याच्या लेकी सोळा हजार आणि नाती पांच लाख मोजल्या आहेत. वळू धडधाकट, तपासणींत कसलाही रोग नाहीं. पण त्याच्या रक्तांत एक छुपा दोष होता. तो दोष आईकडून व बापाकडून दोन्हींकडून आला कीं गर्भ पोटांतच मरावयाचा. जगभर असे पांच लाखांहून अधिक गर्भ गेले असा हिशेब निघाला आहे. कित्येक शेतकऱ्यांनीं त्याचा दोष चाऱ्याला दिला असेल, कित्येकांनीं नशिबाला. २०११ सालीं हा दोष उघडकीस आला तो कशानें? रक्ताच्या तपासणीनें तर खराच, पण त्याबरोबर वहीनें. त्यांच्याकडे गायीगायीची बाप-आज्यासह नोंद होती, म्हणून बोट बरोबर एका वळूवर ठेवतां आलें.

दुसरी गोष्ट त्याच सालची. २०११ च्या शरदांत जर्मनींतील श्मालेनबर्ग गांवाजवळ एक नवाच विषाणू सांपडला. त्यानें वासरें व कोकरें वांकड्या पायांचीं जन्मूं लागलीं. पुढील वर्षीं त्याचा अंश वळूंच्या रेतांतही मिळाला. ज्या रोगाचें नांवच २०११ पूर्वीं कोणास ठाऊक नव्हतें, त्याचा दाखला २०१० सालीं कोण देणार होता? दाखला कालच्या रोगांचा मिळतो. उद्यांच्या रोगासाठीं कोणत्या गोठ्यांत कोणती कांडी गेली ही नोंद एवढेंच हत्यार आपल्या हातीं राहतें, आणि तेंच आपण उकिरड्यावर फेकतों.

आतां त्या पुराण सांगणाऱ्या गृहस्थांविषयीं. याच मनमाडांत १९३८ च्या फेब्रुवारींत दलित वर्गांतील रेल्वे कामगारांच्या परिषदेंत डॉ. आंबेडकरांनीं ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे दोन शत्रू दाखवून दिले. आम्हांस त्या दोन्हींचे धाकटे भाऊ एकाच गोठ्यांत भेटले. एक डबा घेऊन आला, दुसरा पोथी घेऊन. पहिला म्हणतो, विचारूं नको, घे. दुसरा म्हणतो, विचारूं नको, टाक. विचारूं नको यावर दोघांचें एकमत!

परदेशी म्हणजे बाटलेलें आणि देशी म्हणजे पवित्र, हा हिशेब जंतूला मान्य नाहीं. देवाच्या नांवानें सोडलेला वळू शिवारभर फिरतो. त्याचें रक्त कोणी तपासलें आहे काय? गाय तीन-तीनदां उलटते, आपण म्हणतों तिचेंच कांहीं बिघडलें. पुष्कळ वेळां तो त्या मोकळ्या वळूचा प्रसाद असतो. युरोपांत कृत्रिम रेतन वाढलें त्याचें एक कारणच हें होतें कीं, वळूपासून गायींना लागणारे असले रोग त्यानें आटोक्यांत आले. तपासलेल्या वळूची कांडी मोकळ्या वळूपेक्षां किती तरी बरी. ज्यांनीं पिढ्यान् पिढ्या माणसाच्या सावलीचा विटाळ मानला, त्यांना गाभडलेल्या गायीच्या वारेचा विटाळ मानण्याचें कधीं सुचलें नाहीं. कसें सुचणार? ती वार त्यांना कधीं उचलावीच लागली नाहीं. गोमूत्राचे गुण सांगणारा दूर ओट्यावर बसला आणि वारेंत हात घालणारी लोहाराची विधवा तापानें फणफणली.

जोतीरावांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला त्यांत इतर देशांतील उत्तम शेळ्यामेंढ्यांचीं बेणीं आणवून येथें त्यांची अवलाद वाढवावी, असें सरकारला बजाविलें आहे. तेव्हां परदेशी रक्त नको हें म्हणणें आमचें नव्हे. दूध वाढावें, कालवडी चांगल्या निपजाव्या, हें आम्हांसही हवें. आमच्या स्वतःच्या दारीं जर्सीची गाय आहे. (तिच्या वळूचा नंबर आम्हांस ठाऊक नाहीं हें कबूल करतांना लाज वाटते, ती घेतली तेव्हां आम्हीही डोळे झांकूनच घेतली.)

म्हणून सरकारपाशीं आमचें मागणें साधें आहे. तालुक्याच्या प्रत्येक गुरांच्या दवाखान्याच्या दारावर, ज्या वळूंचें बीज त्या महिन्यांत वापरलें जाईल त्यांचे नंबर, केंद्राचें नांव आणि तपासण्यांच्या तारखा मराठींत लावाव्या. परदेशी बीज असेल तर कोणत्या देशाचें व कोणत्या परवान्यावर आलें तेंही लिहावें. ज्याच्या डब्यांतील कांडीला असा आगापिछा नाहीं त्याचा डबा जप्त करावा, मग तो कोणाचाही भाचा असो. परदेशी बीजाची घाई असणाऱ्यांनीं नियम सैल करा म्हणून कितीही गळ घातली तरी तपासणीचा एकही दिवस कमी करूं नये. दूध घेणाऱ्या संस्थांनीं फॅटच्या वहीशेजारीं बीजाची वही ठेवावी. ज्या गायीच्या जिवावर त्यांच्या इमारती उभ्या राहिल्या तिच्या बापाचें नांव लिहावयास त्यांना किती शाई लागेल?

पण सरकारची वाट पाहत बसूं नका. कांडी भरून घेतांना आधीं हातांत घ्या. कोमट पाण्यांतून काढून पुसली कीं अक्षरें स्वच्छ दिसतात. नंबर लिहून घ्या, तारीख लिहा, आणि रिकामी कांडी चिंधींत बांधून ठेवा. नंबर नसेल तर गाय भरूं नका. एक माज चुकला तर एकवीस दिवस जातात, रोग शिरला तर गोठा जातो. कालवड चार ते आठ महिन्यांची असतांना ब्रुसेल्लाची लस एकदांच टोंचून घ्यावयाची असते. २०१९ पासून ती केंद्र सरकारच्या योजनेंत फुकट आहे. गोऱ्ह्याला ती देत नाहींत. गाय गाभडली तर रक्त तपासून घ्या, कारण समजेपर्यंत तिला वेगळी बांधा. वार व मेलेलें वासरूं उघड्या हातानें उचलूं नका, हातमोजे नसले तर प्लास्टिकच्या जाड पिशव्या कोपरापर्यंत बांधा. खड्डा खोल खणून चुना टाकून पुरा, कुत्र्यांपुढें टाकूं नका. दूध उकळूनच प्या. मायबहिणींनो, हें विशेषतः तुम्हांस सांगणें आहे, कारण गोठ्यांतलें काम तुमच्या हातचें आणि ताप आला तर घरांत शेवटीं दवाखान्यांत नेतात तें तुम्हांसच.

आमच्या शाळेंत सातवीच्या मुलांनीं एक वही घातली आहे. गाय कोणाची, कधीं भरली, कांडीवर काय लिहिलें होतें, व्याली कीं उलटली. बापाला वाचतां येत नसेल तर पोरानें वाचावें. आजवर तींत चौतीस गायी चढल्या. त्यांतील अकरा गायींपुढें नंबराची जागा कोरी आहे.

परवां तो डबेवाला पुन्हा आला होता. त्या लोहारीण बाईची गाय माजावर आली होती आणि सहावींतील तिची नात वही घेऊन गोठ्याच्या दारांत उभी राहिली. तिनें नंबर विचारला. तो म्हणाला, बर्फामुळें अक्षर दिसत नाहीं. पोरीनें आंत जाऊन तांब्याभर कोमट पाणी आणलें. त्यानें कांडी बुडविली, पुसली, उन्हांत धरली, खिशांत घातली, आणि दुसरी घेऊन येतों म्हणून गाडीला किक मारली. तो अद्याप आलेला नाहीं. गाय तशीच राहिली. एकवीस दिवसांनीं ती पुन्हा माजावर येईल. त्याआधीं तिचें रक्त पुन्हा तपासावें आणि तपासलेल्या वळूची कांडी गांवांत आणावी, असा अर्ज आम्हीं तालुक्याच्या दवाखान्यांत दिला आहे. अर्जावर त्या पोरीची सही आहे आणि तिच्या आजीचा अंगठा.